मनगटाच्या एक्स-रेतली काळी रेघ आणि दोन वर्षं 'मागे' असलेली हाडं

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपुरात मानेवाड्याकडे राहणारे एक वडील लिहितात: मुलगा १२ वर्षं ३ महिन्यांचा, उंची १३८ सेंटिमीटर. चार दिवसांपूर्वी सायकलवरून पडला, उजवं मनगट सुजलं. एक्स-रेत मनगटाजवळ हाडाच्या आरपार काळी रेघ स्पष्ट दिसते, तरी फ्रॅक्चर नाही असं सांगून क्रेप बँडेज बांधून घरी पाठवलं. रिपोर्टच्या शेवटच्या ओळीत 'बोन एज (म्हणजे हाडांच्या वाढीवरून काढलेलं वय) अंदाजे १० वर्षे' असं लिहिलंय. आता आजी म्हणतात कॅल्शियम कमी पडलं, शेजारी उंचीची पावडर सुचवतात. वडिलांची उंची १६८, आईची १५५. विचारलंय ते हे: ही फट कधी भरणार, हाडं दोन वर्षं मागे का पडली, आणि मुलाला द्यायचं काय?

आधी फटीचं सांगतो. ती इतक्यात भरू नये, हेच मुलाच्या हिताचं आहे. ती ज्या दिवशी भरेल त्या दिवशी त्या हाडाची लांबी वाढणं कायमचं थांबेल. मुलांमध्ये मनगटाजवळची ही फट, म्हणजे खरं तर हाडाच्या वाढीची पट्टी, बहुधा १७-१८ वर्षांच्या पुढे-मागे बुजते, मुलींमध्ये त्याच्या वर्ष-दोन वर्षं आधी.

खरा प्रश्न फटीचा नाहीच. तुमच्या पत्रात दोन वेगळ्या गोष्टी एकमेकींत गुंतल्या आहेत. एक, पडल्यामुळे त्या पट्टीला इजा झाली आहे का? याचं उत्तर येत्या आठवडाभरात लागायला हवं. दोन, मुलाची वाढ नीट चाललीय का? याला एका एक्स-रेवरून उत्तर नाही, त्यासाठी सहा महिने लागतात. पहिल्यात वेळ दवडू नका, दुसऱ्यात घाई करू नका. सध्या घरात नेमकं उलटं चाललेलं दिसतंय.

ही काळी रेघ म्हणजे काय ते समजलं की बाकीचं आपोआप उलगडतं, म्हणून तिथं जरा थांबू. एक्स-रेत पांढरं दिसतं ते कॅल्शियम. कूर्चेत, म्हणजे हाड होण्याआधीच्या मऊ, लवचीक भागात, कॅल्शियम नसतं, त्यामुळे ती काळी, म्हणजे रिकामी जागा असल्यासारखी दिसते. प्रत्यक्षात तिथं दोन-तीन मिलिमीटर जाडीची कूर्चेची चकती असते. हाडाचा लांब दांडा एका बाजूला, टोकाची टोपी दुसऱ्या बाजूला आणि मध्ये ही चकती. हिलाच ग्रोथ प्लेट, वाढीची पट्टी म्हणतात. नागपुरात सावजी मटण खाणाऱ्याला हे वेगळं दाखवायला नको. कोवळ्या बोकडाची नळी चांगली शिजली की टोकाचा तुकडा टोपीसारखा अलगद सुटून हातात येतो आणि सुटलेल्या जागी किंचित खडबडीत पांढरी कड दिसते. ती सुटण्याची जागा म्हणजे हीच पट्टी. जून जनावराच्या नळीचं टोक असं सुटत नाही, कारण तिथली पट्टी केव्हाच हाडात बदललेली असते.

हाड मधून ताणलं जाऊन लांब होतं अशी पुष्कळांची समजूत असते. स्टीफन हेल्स यांनी १७२७ सालीच ती खोडून काढली. त्यांनी कोंबडीच्या पिलाच्या पायाच्या हाडाला ठरावीक अंतरावर दोन भोकं पाडली. पिल्लू मोठं झालं, हाड लांब झालं, पण भोकांमधलं अंतर होतं तेवढंच राहिलं. म्हणजे भर टोकांकडे पडत होती. ज्वारीचा धांडा पाहिला असेल तर हे पटकन ध्यानात येईल: कांडं सगळीकडून सारखं लांबत नाही, पेराला लागून असलेल्या कोवळ्या भागातून वर सरकतं. हाडाचंही तसंच. कडक झालेल्या हाडातली पेशी चुन्यात चिणल्यासारखी असते. ती दुभंगू शकत नाही, शेजारणीला ढकलूही शकत नाही. लांबी वाढवायची तर मऊ जागा हवी, आणि शरीराने ती कूर्चेच्या रूपाने राखून ठेवलेली असते.

पट्टीत काय चालतं ते टोपीकडून दांड्याकडे पाहत येऊ. वरच्या थरात राखीव पेशी शांत पडून असतात. त्याखाली त्या भराभर दुभंगतात आणि एकीखाली एक अशा रचल्या जातात, नाण्यांची चळत लावावी तशा. आणखी खाली आल्यावर दुभंगणं थांबतं आणि प्रत्येक पेशी फुगू लागते, मूळ आकाराच्या आठ-दहा पट. लांबी वाढते त्यात मोठा वाटा या फुगण्याचा आहे. मग फुगलेल्या पेशींभोवती कॅल्शियम-फॉस्फेट बसतं, पेशींचं आयुष्य संपतं, दांड्याच्या बाजूने बारीक रक्तवाहिन्या आत शिरतात, त्यांच्याबरोबर हाड घडवणाऱ्या पेशी येतात आणि त्या उरलेल्या सांगाड्यावर हाडाचा थर चढवतात. स्लॅबला सेंट्रिंग लावतात तसंच हे, फरक एवढाच की इथं सगळ्या फळ्या काढून नेत नाहीत. काही आतच राहतात आणि हाड त्यांच्यावरच बसतं. वरून नवीन पेशी, खालून नवीन हाड, त्यामुळे पट्टीची जाडी तेवढीच राहते आणि टोपी पुढे पुढे सरकत जाते.

वेग किती? सगळ्यात जोरात चालणारी पट्टी मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाची, गुडघ्याच्या लगेच वरची. ती वर्षाला ९-१० मिलिमीटर भर घालते, म्हणजे दिवसाला केसाच्या जाडीहूनही कमी. मांडीच्या हाडाची साधारण ७० टक्के लांबी या एका पट्टीतून येते. हातात उलटं आहे: कोपराजवळच्या पट्ट्यांचं काम थोडं, खांदा आणि मनगट यांचं जास्त. दंडाची जवळजवळ ८० टक्के वाढ खांद्याकडून होते, आणि कोपराखालच्या दोन्ही हाडांची ७५ ते ८० टक्के वाढ मनगटाकडून. तुमच्या मुलाचं मनगट म्हणून महत्त्वाचं.

जाडीचा मार्ग निराळा आहे. हाडाच्या बाहेरच्या आवरणातून थर चढत जातात आणि आतल्या बाजूने हाड खाणाऱ्या पेशी मगजाची (अस्थिमज्जेची) पोकळी रुंद करत राहतात. वयात येताना आधी लांबी झपाट्याने वाढते, खनिज भरणं त्यामागून सहा-आठ महिन्यांनी येतं. मधल्या काळात हाड लांब झालेलं असतं पण पुरतं भरलेलं नसतं. ११ ते १४ या वयात मनगटाजवळची फ्रॅक्चरं एवढी दिसतात त्याचं हे एक कारण आहे. सायकल आणि मैदान हे दुसरं.

आता पहिला प्रश्न, इजेचा. फुगलेल्या पेशींचा थर हा पट्टीतला सगळ्यात कमजोर थर. पेशी मोठ्या, त्यांच्यामधल्या भिंती पातळ आणि कॅल्शियम अजून पुरतं बसलेलं नाही. मोठ्या माणसाचं ज्या धक्क्याने मनगट मुरगळतं, त्याच धक्क्याने मुलाची पट्टी सरकू शकते, कारण मुलाचे सांध्याचे बंध या थरापेक्षा मजबूत असतात. सॉल्टर आणि हॅरिस यांनी १९६३ साली अशा इजांचे पाच प्रकार मांडले, आजही आम्ही तेच वापरतो. पहिल्या प्रकारात चीर फक्त पट्टीतूनच जाते. टोपी जागची हलली नसेल तर एक्स-रे अगदी स्वच्छ दिसतो. म्हणून 'काळी रेघ म्हणजे फ्रॅक्चर नव्हे' हे खरं असलं, तरी त्या काळ्या रेघेत फ्रॅक्चर लपू शकतं हेही तितकंच खरं. अशा वेळी फोटोपेक्षा बोट जास्त सांगतं.

तपासायचं ते असं. मनगटाच्या घडीपासून कोपराकडे साधारण एक-दीड सेंटिमीटरवर, अंगठ्याच्या बाजूच्या हाडावर एका बोटाने हलकेच दाबा. आधी चांगल्या हाताला, मग दुखऱ्या हाताला. दुखणं नेमकं त्या पट्ट्यात आडवं पसरलेलं असेल आणि सूजही तिथंच असेल, तर एक्स-रे काहीही म्हणो, ती पट्टीची इजा धरून चालायचं. क्रेप बँडेज त्याला पुरत नाही. स्लॅब (अर्धं प्लास्टर) किंवा स्प्लिंट (आधाराची खपची) दोन-तीन आठवडे लागते. दहा-चौदा दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढला तर आवरणाखाली नव्या हाडाची पुसट पांढरी रेघ दिसते आणि शंका मिटते. दुखणं घडीच्या खालीच असेल, चार दिवसांत निम्मं झालं असेल आणि मुलगा पेन धरून लिहीत असेल, तर मुरगळलंय इतकंच.

दोन गोष्टी अजिबात नकोत. पहिली, तेल लावून रगडणं किंवा हाडवैद्याकडून 'बसवून घेणं'. दुसरी, टोपी थोडी सरकली होती हे उशिरा कळलं म्हणून आठवड्यानंतर जोर लावून ती जागेवर आणण्याचा हट्ट. आठवडाभरात भरण्याची क्रिया सुरू झालेली असते. त्या वेळी ढकलाढकली केली तर मूळ इजेपेक्षा पट्टीचं नुकसान जास्त होतं. १२ वर्षांच्या मुलाच्या मनगटाला वाकडेपणा सरळ करायला अजून वेळ आहे. सांधा ज्या दिशेने हलतो त्या दिशेचा थोडा बाक हाड वाढता वाढता स्वतःच काढून टाकतं. पीळ मात्र सुटत नाही, हे लक्षात ठेवा. इजा पट्टीची ठरलीच, तर सहा महिन्यांनी दोन्ही मनगटांचा एक एक्स-रे काढून पट्टी सगळीकडून सारखी उघडी आहे ना एवढं पाहून घ्यावं. क्वचित एखाद्या ठिकाणी टोपी आणि दांडा हाडाने जुळून जातात आणि तेवढीच बाजू वाढायची थांबते. ते वेळेत दिसलं तर उपाय आहेत.

दुसऱ्या प्रश्नाकडे वळण्याआधी थोडं मागे, पोटातल्या बाळापर्यंत, जावं लागेल. बोन एज ही कल्पना तिथूनच येते.

गर्भाच्या चौथ्या आठवड्याच्या शेवटी हातापायांचे अंकुर फुटतात. सहाव्या आठवड्यापर्यंत त्यात हाडांचे साचे तयार असतात, पण सगळे कूर्चेचे. कवटीची चपटी हाडं आणि चेहऱ्याची बरीचशी हाडं मात्र साच्याशिवाय, सरळ पातळ पडद्यातच बनतात. म्हणून बाळाची टाळू मऊ लागते. हाडांच्या पाट्या एकमेकींपर्यंत पोचायच्या असतात, मधला पडदा तेवढा उरतो. पुढची टाळू बहुधा १२ ते १८ महिन्यांत भरते, कधी दोन वर्षंही लागतात. सगळ्यात आधी हाड होऊ लागतं ते हासळीचं (गळ्याखालच्या आडव्या हाडाचं), पाचव्या-सहाव्या आठवड्यात. गंमत अशी की छातीकडचं तिचं टोक जुळतं सगळ्यात शेवटी, पंचविशीच्या आसपास किंवा त्याही नंतर. सातव्या-आठव्या आठवड्यापासून लांब हाडांच्या साच्यांत मधोमध कॅल्शियम बसू लागतं, रक्तवाहिनी आत शिरते आणि दांडा हाडाचा होतो. बाराव्या आठवड्यापर्यंत हातापायांच्या जवळजवळ सगळ्या लांब हाडांत हे झालेलं असतं.

टोकं मात्र जन्मापर्यंत कूर्चेचीच राहतात. अपवाद मुख्यतः गुडघ्याजवळचा: मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकात पूर्ण दिवसांच्या बाळाला हाडाचा एक ठिपका दिसतो, आणि न्यायवैद्यकात बाळ पूर्ण दिवसांचं होतं का हे ठरवायला तो पाहतात. बाकीच्या टोकांत ठिपके पुढे वर्षानुवर्षं, ठरलेल्या क्रमाने उमटतात. गुडघ्याची वाटीसुद्धा जन्मतः कूर्चेची असते, तिच्यात हाड येतं ३ ते ६ वर्षांत. तान्ह्या बाळाच्या सांगाड्यात पावणेतीनशेच्या आसपास सुटे हाडांचे भाग मोजता येतात. ते जुळत जुळत मोठेपणी २०६ उरतात.

हा क्रम ठरलेला असल्यामुळे हाडांना कॅलेंडरसारखं वाचता येतं. मनगटातली आठ लहान हाडं घ्या. पहिली दोन, कॅपिटेट आणि हॅमेट, बाळ दोन-चार महिन्यांचं असतानाच दिसू लागतात. बाकीची साधारण सहा-सात वर्षांपर्यंत एकेक करून येतात आणि वाटाण्याएवढं पिसिफॉर्म सगळ्यांत शेवटी, मुलांमध्ये १० ते १२ वर्षांच्या सुमारास. त्यानंतर या आठांचा उपयोग संपतो. पुढे पाहायची ती बोटांची पेरं: टोपी दांड्याइतकी रुंद झाली का, तिच्या कडा दांड्यावर झाकणासारख्या उतरू लागल्या का, पट्टी पातळ होत चालली का. अंगठ्याच्या बुडाशी सेसमॉइड नावाचं डाळीच्या दाण्याएवढं हाड उमटलं की वयात येणं सुरू झालं असं धरायला हरकत नसते. मुलांमध्ये हे साधारण १३ व्या वर्षाच्या आसपास घडतं.

इथं तुमच्या रिपोर्टची अडचण आहे. मार लागला म्हणून काढलेला एक्स-रे मनगटापुरता असतो, बोटांची टोकं त्यात येतच नाहीत. म्हणजे १२ वर्षांच्या मुलाचं बोन एज ज्या भागावरून काढायचं, तोच भाग फिल्ममध्ये नाही. बोन एजसाठी डाव्या हाताचा, पाचही बोटं थोडी पसरून, तळहात सपाट टेकवून काढलेला पूर्ण पंजा लागतो. त्यामुळे 'अंदाजे १०' या शब्दांतल्या 'अंदाजे'ला जास्त वजन द्या.

शिवाय पूर्ण पंजा असला तरी मोजमाप तुलनेचं आहे. सर्रास वापरला जाणारा ग्रुलिक-पाइल यांचा नमुनासंच अमेरिकेतल्या क्लीव्हलंडच्या सुखवस्तू घरांतल्या गोऱ्या मुलांच्या एक्स-रेवर बेतलेला आहे, आणि ते एक्स-रे १९३० आणि १९४० च्या दशकांतले आहेत. या वयात वर्षभर पुढे-मागे असणं अगदी नेहमीचं, आणि दोन वर्षांपर्यंतचा फरक निरोगी मुलांतही मिळतो. कायद्यानेही या तपासणीला शेवटची जागा दिलीय. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात वय ठरवताना आधी शाळेचा किंवा दहावीचा दाखला, मग महापालिका-ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि ते दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी, असा क्रम आहे.

मग बोन एज मागे असणं वाईट का चांगलं? परिस्थितीवर आहे. तुमच्या मुलाचे आकडे मांडून पाहू. आईवडिलांच्या उंचीची बेरीज करायची, मुलगा असेल तर त्यात १३ मिळवायचे, मुलगी असेल तर १३ वजा करायचे आणि दोनाने भागायचं. १६८ अधिक १५५ अधिक १३ म्हणजे ३३६, निम्मे १६८. याच्या ८-८ सेंटिमीटर वर-खाली, म्हणजे १६० ते १७६ च्या दरम्यान मुलगा कुठंतरी थांबेल अशी अपेक्षा. आज १३८ ही उंची १२ वर्षांच्या मुलांत खालच्या अंगाला आहे, पण वाढीच्या आलेखाच्या बाहेर नाही. तीच उंची १० वर्षांच्या मुलाची म्हणून पाहिली तर मधल्या रेषेजवळ येते. म्हणजे उंची आणि हाडांचं वय एकमेकांना धरून आहेत, आणि दोन्ही जरा सावकाश चालली आहेत. अशी मुलं उशिरा वयात येतात, उशिरापर्यंत वाढतात आणि बहुतेक वेळा घरच्या उंचीला पोचतात. वडिलांना मिसरूड उशिरा फुटलं होतं का, ते अकरावी-बारावीत अचानक उंच झाले का, आईची पाळी उशिरा सुरू झाली होती का, हे आधी विचारा. उत्तर 'हो' असेल तर निम्मी काळजी तिथंच संपली.

याउलट, बुटका मुलगा आणि हाडांचं वय मात्र वयाइतकंच किंवा पुढे, हे आम्हाला जास्त खटकतं. त्याच्याकडे वेळ कमी उरलेला असतो. पट्टी शेवटी बंद करतं ते इस्ट्रोजेन हे स्त्री-हॉर्मोन, मुलांमध्येसुद्धा. मुलांचं शरीर टेस्टोस्टेरॉन या पुरुष-हॉर्मोनपासूनच ते तयार करतं. १९९४ साली एका २८ वर्षांच्या पुरुषाची नोंद प्रसिद्ध झाली. त्याच्या शरीरात इस्ट्रोजेनचा संदेश पोचतच नव्हता, उंची २०४ सेंटिमीटर झालेली, आणि पट्ट्या तरीही उघड्या, हाडांचं वय १५. घटक न लिहिलेल्या 'तब्येतीच्या' गोळ्या किंवा जिममधली इंजेक्शनं कोवळ्या मुलांना देऊ नका असं आम्ही ओरडून सांगतो ते याच कारणाने. त्यात पुरुष-हॉर्मोन असेल तर काही महिने मुलगा उठून दिसतो आणि पट्ट्या वेळेआधी मिटतात.

सावकाश चालणं हा स्वभाव की आजार, हे कळायला वेग लागतो. जन्मानंतर पहिल्या वर्षी बाळ सुमारे २५ सेंटिमीटर वाढतं, दुसऱ्या वर्षी १० ते १२, पुढे कमी होत होत शाळेच्या वयात वर्षाला ५-६. वयात येण्याच्या आधी वेग थोडा आणखी उतरतो, मग मुलांमध्ये १३-१४ च्या सुमारास वर्षाला ९-१० पर्यंत झेप. वर्षाला ४ सेंटिमीटरहून कमी वाढ असेल तर आम्ही तपासण्या लिहितो, बोन एज कितीही असो.

विदर्भात त्या तपासण्यांत एक गोष्ट वर ठेवावी लागते: सिकलसेल, म्हणजे तांबड्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकड्या होण्याचा आनुवंशिक आजार. मुलगा फिकट दिसतो, हातपाय दुखल्याचं वरचेवर सांगतो, लहानपणी हातापायांचे पंजे सुजून दुखण्याचा प्रसंग झाला होता, किंवा घरात कोणाला सिकलसेल आहे, यातलं काही असेल तर सोल्युबिलिटी टेस्ट करा. ती पॉझिटिव्ह आली तर एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी चाचणी. या आजारात हाडांच्या बारीक रक्तवाहिन्या तुंबतात, मगज सतत रक्त बनवण्यात गुंतलेला असतो, आणि हाडांचं वय मागे पडतं. रिपोर्टवर 'एएस' असेल तर मुलगा वाहक आहे, त्याने उंची खुंटत नाही. 'एसएस' हा आजार. हा फरक समजावून न घेतल्याने वाहक मुलांना उगाच औषधं सुरू झालेली दिसतात.

दुसरी स्थानिक गोष्ट पाण्याची. नागपूर शहरात पेंच आणि कन्हानचं पाणी येतं, तिथं हा मुद्दा नाही. पण मूल चंद्रपूर किंवा यवतमाळकडच्या गावी बोअरचं पाणी पीत वाढलं असेल, दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे असतील आणि गुडघे एकमेकांना घासत असतील, तर पाण्यातलं फ्लोराइड तपासा. लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर ते नको. कॅल्शियम कमी आणि फ्लोराइड जास्त असं जुळून आलं की वाढत्या हाडांचं नुकसान जास्त होतं. नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने विकसित केलेली तुरटी-चुन्याची नलगोंडा पद्धत याच पाण्यासाठी आहे.

बाकी नेहमीच्या तपासण्यांत रक्ताचा सीबीसी, थायरॉइड, क्रिएटिनिन, कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फटेज आणि गव्हातल्या ग्लूटेनमुळे होणाऱ्या सीलिअॅक आजाराची चाचणी येते. एक सूचना: वाढत्या मुलाचं अल्कलाइन फॉस्फटेज मोठ्यांपेक्षा बरंच जास्तच असतं, कारण हाड घडवणाऱ्या पेशी ते सोडत असतात. लॅबचं मशीन शेजारी मोठ्यांची मर्यादा छापतं आणि आकडा ठळक करून देतं. त्यावरून यकृताची काळजी सुरू करू नका.

आता आजींचं कॅल्शियम. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२० च्या शिफारशीत १० ते १२ वर्षांना दिवसाला ८५० मिलिग्रॅम, १३ ते १५ ला १००० सांगितलंय. १०० मिलिलिटर दुधात साधारण १२० मिलिग्रॅम. म्हणजे दोन कप दूध, एक वाटी दही, तिळाची किंवा तीळ घातलेली जवसाची चटणी, डाळ आणि पालेभाजी एवढं रोज पोटात गेलं तर गोळीची गरज पडत नाही. मुलगा दुधाला तोंडच लावत नसेल तर गोष्ट वेगळी, मग हिशेब मांडून गोळी द्यावी. प्रथिनं विसरू नका: पट्टीतल्या कूर्चेचा सांगाडा प्रथिनाचा असतो, कॅल्शियम नंतर येतं. डाळ-भातातली डाळ पातळ फोडणीच्या पाण्यासारखी असेल तर ती मोजू नका.

ड जीवनसत्त्व कमी पडलं तर फुगलेल्या पेशींभोवती खनिज बसत नाही. त्या मरत नाहीत, साचत जातात, पट्टी रुंद आणि दांड्याचं टोक पेल्यासारखं खोलगट होतं. हाच मुडदूस. तुमच्या मुलाच्या फिल्ममध्ये रेघेच्या दोन्ही कडा रेखीव आणि रेघ बारीक असेल तर मुडदूस नाही, हे आहे त्या एक्स-रेवरही सांगता येतं. कडा फाटक्या कापडासारख्या विस्कटलेल्या असतील तर लगेच दाखवा.

नागपुरात एवढं ऊन असताना ड कमी कसं, असं सगळेच विचारतात. सकाळी सातची स्कूल बस, दुपारी वर्ग, संध्याकाळी ट्यूशन, बाहेर पडताना तोंडाला दुपट्टा. काचेआडून येणाऱ्या उन्हाचा उपयोग नाही. सोपी खूण म्हणजे सावली: ती आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तेव्हाच उन्हात कामाची किरणं पुरेशी असतात. मे महिन्यात नागपूरला ही वेळ सकाळी नऊलाच येते आणि त्या महिन्याच्या अखेरीस दुपारी सावली पायाखाली नाहीशी होते. पण त्या उन्हात भर दुपारी मुलाला उभं करू नका, नऊ-साडेनऊची पंधरा मिनिटं पुरे. डिसेंबरच्या शेवटी उलट, भर दुपारीसुद्धा सावली जेमतेम आपल्याएवढी असते. तेव्हा हाफ पँट-बनियनवर बारा ते एकच्या दरम्यान अर्धा तास हवा. ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पाकिटं दुकानातून आणून महिनोन् महिने दर आठवड्याला देणं बंद करा. रक्तातलं कॅल्शियम चढतं आणि किडनीला त्रास होतो. ती डॉक्टरने सांगितलेल्या आठवड्यांपुरतीच.

उंचीच्या पावडरीबद्दल दोनच वाक्यं. बहुतेक डब्यांत दुधाची भुकटी, साखर आणि जीवनसत्त्वं असतात. पट्टी उघडी असेल तर घरच्या जेवणाने जे होतं तेवढंच त्याने होतं, मिटलेली असेल तर काहीच होत नाही. बारला लटकण्याचंही तेच: ताण येतो तो मणक्यांमधल्या गाद्यांवर, आणि रात्रीपर्यंत ती उंची परत उतरते.

तुम्ही करायचं ते मोजमाप. भिंतीला टाचा, ढुंगण, पाठ आणि डोकं टेकवून, अनवाणी, नजर समोर. डोक्यावर फूटपट्टी हाताने अंदाजाने धरू नका. मिस्त्रीचा गुण्या किंवा जाड पुठ्ठ्याचं पुस्तक भिंतीला काटकोनात टेकवा आणि पेन्सिलने खूण करा. नेहमी सकाळीच, कारण संध्याकाळपर्यंत माणूस एक सेंटिमीटरभर उतरतो. तीनदा मोजा, मधला आकडा तारखेसह लिहा. पुढचं मोजमाप सहा महिन्यांनी. दर महिन्याला मोजलात तर मोजण्यातली चूक वाढीपेक्षा मोठी ठरेल आणि घरात उगाच रडारड होईल. शाळेच्या जुन्या आरोग्य-कार्डावर मागच्या वर्षांच्या उंच्या असतील तर त्या शोधा, सहा महिने वाचतील.

सहा महिन्यांत अडीच सेंटिमीटर किंवा जास्त भर पडली तर काहीही करू नका, पुन्हा सहा महिन्यांनी मोजा. दोनच्या खाली असेल, किंवा १४ वर्षं पूर्ण होऊनही वयात येण्याची चिन्हं नसतील, तर मुलांचे हॉर्मोनतज्ज्ञ गाठा आणि तेव्हा डाव्या पंजाचा नीट एक्स-रे काढून घ्या. आजच्या फिल्मवरच्या त्या शेवटच्या ओळीसाठी नवा बोन एज एक्स-रे आत्ता नको. मनगटाला मात्र उद्याच्या उद्या बोट लावून बघा.